भंगारातला डोळा



वसंत ऋतूत चार विद्वानांना बोलावून त्यांचे विचार ऐकावे, ही चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिली, आणि तेथून ती गावोगाव पसरली. त्या चालीप्रमाणे आपण मला बोलावलेत. मात्र विद्वानाच्या जागी एक निवृत्त शिक्षक आणून बसवलात, ही चूक चालकांची आहे, माझी नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे, या व्यासपीठावर येणारे वक्ते सोबत ग्रंथ घेऊन येतात. मी आज येताना भंगार घेऊन आलो आहे.

हे पाहा. संगणकात तबकडी घालावयाचा जो खण असे, त्याच्या पोटातून काढलेला हा भाग. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. याला पिकअप म्हणतात. गाण्याची सीडी, चित्रपटाची डीव्हीडी आपण खणात सरकवीत असू, आणि आत कोणीतरी ती 'वाचीत' असे. तो वाचणारा म्हणजे हा. आता नव्या संगणकांना हा खणच नसतो. गाणी आणि चित्रपट हवेतून येऊ लागले, आणि तबकड्या पेरूच्या बागेत पाखरे हाकण्यासाठी दोरीला लटकू लागल्या. तबकडीला निदान ते काम तरी मिळाले. तिच्या वाचकाला मात्र कोणी विचारले नाही. तो शाळेच्या कपाटात, दुकानाच्या माळ्यावर किंवा भंगारवाल्याच्या गोणीत पडून आहे. माझे म्हणणे असे, की त्याच्या अंगात एक डोळा आहे, तो अजून शाबूत आहे, आणि आपल्या गावाला त्याचा उपयोग आहे.

प्रथम त्या डोळ्याची करामत ऐका. माझ्या हातात एक विजेरी आहे आणि एक साधा कंगवा आहे. समोर या पुठ्ठ्यावर पिकअपमधून काढलेला एक बारीक प्रकाशग्राही तुकडा, त्याला जोडलेला लहानसा वर्धक आणि जुन्या रेडिओचा कर्णा. विजेरी त्याच्यावर धरली. कर्णा गप्प आहे. आता विजेरीपुढून कंगवा फिरवतो. ऐकलेत? खर्र! जोरात फिरवला की आवाज बारीक होतो, हळू फिरवला की जाड होतो. कंगव्याच्या दात्यांनी प्रकाश अडवला, सोडला, अडवला, सोडला. त्या डोळ्याने ते पाहिले आणि त्याची वीज केली. सीडीचे सारे रहस्य या कंगव्यात आहे. सीडीच्या पोटात फक्त कंगवा फार बारीक आहे, आणि दात्यांच्या ठिकाणी खळगे आहेत.

किती बारीक? सीडीवर खळग्यांची एकच ओळ आतून बाहेर गोगलगाईच्या शंखासारखी फिरत जाते. ती ओळ उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत चाळीसेक ओळी सहज मावतील. खळग्याची खोली मिलिमीटरच्या आठ हजाराव्या भागाइतकी. ही खोली सहज घडलेली नाही, ती हिशेबाने ठेवलेली आहे. सीडी वाचणाऱ्या लेसरची तरंगलांबी हवेत ७८० नॅनोमीटर. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये ती पाचशेच्या आसपास उतरते. तिचा चौथा हिस्सा ही खळग्याची खोली. तळावरून परतणारा प्रकाश जाताना पाव आणि येताना पाव, असा अर्धा तरंग मागे पडतो, आणि काठावरून परतणाऱ्या प्रकाशाला मारक ठरतो. खळगा आला की परतलेला प्रकाश मंदावतो, सपाटी आली की उजळतो. १९८२ साली फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी ही तबकडी बाजारात आणली. पुढे डीव्हीडीत ओळींमधले अंतर ०.७४ मायक्रोमीटरवर आले आणि लेसर ६५० नॅनोमीटरचा, तांबडा झाला.

आता खरी अडचण ध्यानात घ्या. तबकडी गरगर फिरत असते, आणि कितीही चांगली असली तरी थोडी डुलतेच. तिचे डुलणे मिलिमीटरच्या दशांशांत मोजावे लागते. प्रकाशाचा ठिपका मात्र दोनेक मायक्रोमीटरपेक्षा अधिक वरखाली झालेला चालत नाही. म्हणजे नांगराचा फाळ तासातून केसभरही सुटता कामा नये, आणि जमीन तर सारखी हलते आहे! यावर उपाय म्हणून या डोळ्याला चार बुबुळे दिली आहेत. अंगणात रांगोळीने एक चौकोन काढून त्यावर अधिकाची खूण केली म्हणजे जे चार घर होतात, तसे चार प्रकाशग्राही तुकडे अगदी शेजारी शेजारी बसवलेले असतात. त्यांना अ, ब, क, ड म्हणू.

आपल्यापैकी ज्यांना चष्मा आहे त्यांतल्या काहींच्या नंबरात 'सिलिंडर' म्हणून एक आकडा असतो. डोळ्याच्या भिंगाची उभी आणि आडवी वक्रता सारखी नसली म्हणजे तो द्यावा लागतो. डॉक्टर ज्याला दोष म्हणतात तोच दोष या यंत्रात मुद्दाम आणलेला आहे. त्यामुळे तबकडी नेमक्या अंतरावर असली तर चार घरांवर पडणारा ठिपका गोल असतो. ती जवळ आली की ठिपका एका तिरक्या दिशेने लांबतो, दूर गेली की दुसऱ्या तिरक्या दिशेने. अ आणि क समोरासमोर, ब आणि ड समोरासमोर. अ अधिक क यांतून ब अधिक ड वजा केले की उत्तर शून्य, धन किंवा ऋण येते. शून्य आले तर ठीक, धन आले तर भिंग एका बाजूस सरकवा, ऋण आले तर दुसऱ्या बाजूस. चारांची बेरीज केली की गाणे मिळते, आणि वजाबाकी केली की स्वतःची चूक कळते. बेरजेबरोबर स्वतःची वजाबाकीही सतत करीत राहणारा असा प्राणी माणसांत फारसा आढळत नाही, भंगारात आढळतो.

हा प्रकाशग्राही तुकडा म्हणजे फोटोडायोड. सिलिकॉन या मूलद्रव्याच्या स्फटिकात दोन प्रकारचे थर एकमेकांना भिडवले की त्यांच्या सीमेवर एक उतार तयार होतो. प्रकाशाचा कण आत शिरून एखाद्या इलेक्ट्रॉनला मोकळा करतो, आणि तो इलेक्ट्रॉन त्या उतारावरून घरंगळत जातो. रंध्याच्या कड्यापाशी आलेले पाणी जसे विचारत न बसता खाली उडी घेते, तसेच हे. प्रकाश दुप्पट केला की वीज दुप्पट होते. प्रकाशाने वीज उपजते हे फ्रान्समध्ये बेक्वेरल यांनी १८३९ सालीच पाहिले होते. प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन कसे काढतो याचा उलगडा १९०५ साली आइन्स्टाइन यांनी केला, आणि त्यांना १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामाबद्दल. स्फटिकाला असा डोळा करता येतो ही कल्पना आपल्या जगदीशचंद्र बोसांना फार लवकर सुचली होती. गॅलेना नावाच्या खनिजाचा त्यांचा तरंगग्राहक प्रकाशालाही दाद देई. त्याचे अमेरिकी पेटंट १९०४ साली निघाले.

असो. इतिहास पुष्कळ आहे. आपण हत्यारे हाती घेऊ.

पण हत्यार घेण्याआधी एक इशारा देतो, आणि तो समोर बसलेल्या मुलांनी नीट ऐकावा. याच पिकअपमध्ये डोळ्याच्या शेजारी लेसर असतो. यंत्र बंद असते तोवर तो तबकडीखाली कोंडलेला असतो, म्हणून निरुपद्रवी. यंत्र उघडले की तो मोकळा. सीडीचा लेसर अवरक्त असतो. आपल्याला तो अगदी फिकट तांबडा दिसतो किंवा दिसतच नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही आणि डोळा सावध होत नाही. डीव्हीडी लिहिणाऱ्या यंत्रातला लेसर शंभर मिलिवॅटच्याही वर जाऊ शकतो. डोळ्याचे भिंग त्या किरणाला पडद्यावरच्या एका बिंदूत गोळा करते, आणि तेथे जे जळते ते परत उगवत नाही. मी स्वतः पहिल्या खेपेस यंत्र उघडून, लेसर लागला की नाही हे पाहावयास वाकलो होतो. त्या दिवशी यंत्राची तार सुटलेली होती, म्हणून आज आपली तोंडे मला दिसत आहेत. चाळीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाकडून हे घडले. मुलांचे काय सांगावे? तेव्हा नियम एकच. डोळा काढावयाचा तर वीज लावण्याचे कारणच नाही. यंत्र विजेपासून तोडून, सर्वांत आधी लेसरच्या तारा कापून तो वेगळा करावयाचा आणि मोठ्या माणसाच्या हवाली करावयाचा. भंगारातला डोळा मिळवताना घरातला डोळा जाता कामा नये.

यानंतरचे काम सोपे आहे. पिकअपच्या धातूच्या चौकटीला एका कडेस एक चपटा पारदर्शक चौकोनी तुकडा चिकटवलेला दिसेल. त्याच्या मध्यभागी भिंगातून पाहिले की ती अधिकाची रेघ दिसते. हाच चार घरांचा डोळा. त्याशिवाय आणखी एक मोठा, एकाच घराचा डोळा पुष्कळ यंत्रांत असतो. लेसर किती तेजाने जळतो आहे यावर पाळत ठेवणे हे त्याचे काम. दोन्ही डोळे जपून सोडवावे. डाग लावण्याची कावीळ जास्त वेळ टेकवू नये.

पुढे दोन जाती ओळखाव्या लागतात. जुन्या सीडी यंत्रात बहुधा नुसता फोटोडायोड असतो. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून दोन पाय तपासले, की एका दिशेने सहा-सात दशांश व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काही दाखवत नाही. चारही घरांचा एक पाय सामाईक निघतो. नंतरच्या, विशेषतः डीव्हीडीच्या यंत्रांत डोळा आणि वर्धक एकाच तुकड्यावर कोरलेले असतात. त्याला पाच व्होल्ट द्यावे लागतात, शिवाय निम्म्याच्या आसपासचा एक संदर्भ-दाब द्यावा लागतो. अंधारात त्याचा प्रत्येक निर्गम त्या संदर्भापाशी उभा राहतो आणि प्रकाश पडला की तेथून हलतो. हे ज्याला ठाऊक नाही तो त्याला नुसता डायोड समजून तपासतो, आकडे जुळत नाहीत, आणि चांगला डोळा आंधळा समजून फेकून देतो. मीही असे तीन फेकले आहेत.

नुसत्या डायोडला वर्धक आपण जोडावयाचा. एक वॅट प्रकाश पडला तर अर्धा अँपिअर वीज मिळते असे ढोबळ प्रमाण आहे. पण आपल्याला मिळणारा प्रकाश वॅटच्या दशलक्षांशांत असतो, म्हणून वीजही मायक्रोअँपिअरमध्ये. ती एक मेगओहमच्या रोधातून नेणारा साधा वर्धक केला, की एका मायक्रोअँपिअरचा एक व्होल्ट होतो. ओहमचा नियम आठवीच्या मुलालाही येतो. येथे तो हाताशी येतो.

माझ्या पहिल्या वर्धकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सारे जोडले, बॅटरी लावली, आणि कर्ण्यातून एकसारखी घरघर सुरू झाली. मी जोडणी तपासली, संधारित्रे बदलली, डाग पुन्हा लावले. तीन दिवस गेले, घरघर जाईना. घरातल्यांनी ती माझ्या वयाची समजून सोडून दिली. तिसऱ्या रात्री नेमाप्रमाणे वीज गेली, आणि त्याच क्षणी घरघर थांबली. यंत्र तर बॅटरीवर चालू होते! मग ध्यानात आले, की यंत्रात दोष काहीच नव्हता. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो-मंदावतो. माझ्या डोळ्यांना ते दिसत नव्हते, भंगारातल्या डोळ्याला दिसत होते, आणि तीन दिवस तो मला तेच सांगत होता. मी त्याला दुरुस्त करीत बसलो होतो. सभ्यगृहस्थहो, शिक्षकाच्या पेशात असे पुष्कळदा घडते. मुलगा खरे सांगत असतो आणि आपण त्याला दुरुस्त करीत असतो.

आता कोणी विचारील, की हा उपद्व्याप कशासाठी? नवा फोटोडायोड बाजारात थोड्या रुपयांत मिळतो. प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देण्याआधी आपल्याच प्रांतातली एक हकीकत सांगतो.

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपण्यासाठी सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्यांची एक रांग उभारलेली होती. पुढे तेथील शास्त्रज्ञांनी दुसऱ्या जागी मोठे यंत्र उभारावयाचे ठरवले, आणि या तबकड्या निकालात निघाल्या. त्या वेळी तेथे शिकावयास गेलेला एक भारतीय तरुण होता, गोविंद स्वरूप. त्याने विचारले, या टाकून देणार असाल तर आम्हाला द्याल का? त्या तबकड्या जहाजाने हिंदुस्थानात आल्या, काही वर्षे दिल्लीत पडून राहिल्या, आणि अखेर १९६५ साली मुंबईजवळ कल्याण येथे त्यांची दुर्बीण उभी राहिली. चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम, आठ दक्षिण-उत्तर. दुसऱ्याने टाकलेल्या सामानावर आपल्या देशातील आधुनिक रेडिओ खगोलशास्त्राचा हात बसला. १९६८ पर्यंत तिने सूर्याचे निरीक्षण केले. त्याच हातांनी पुढे उटीची दुर्बीण उभारली, आणि त्यानंतर आपल्या या हरिश्चंद्रगडापलीकडे, जुन्नर तालुक्यात खोडदला, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण. जगभरचे ज्योतिषी आज तेथे वेळ मागतात. गडाच्या पलीकडच्या उताराला हे घडले. अलीकडच्या उताराला आपण बसलो आहोत.

दुसरे उदाहरण लहान मुलांचे. पुण्याच्या आयुका संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तेथे अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांपासून मुलांना विज्ञान शिकवले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. भंगाराला हात लावल्याने विज्ञान विटाळत नाही, एवढे या दोन उदाहरणांवरून दिसून येईल.

आता प्रश्नाचे उत्तर. साधा, एका घराचा डोळा हवा असेल तर तो खुशाल विकत घ्या. मी आड येणार नाही. परंतु चार घरांचा नवा डोळा घ्यावयास गेलात तर किंमत हजारांत जाते, आणि भंगारात तो फुकट पडला आहे. किरणाचा ठिपका मायक्रोमीटरभर सरकला तरी चार घरांची वजाबाकी ते सांगते. शाळेत पोलादी पट्टीच्या टोकाला आरशाचा कपचा चिकटवा, विजेरीचा बारीक झोत त्यावरून या डोळ्यावर पाडा. पट्टीवर तांदळाचा एक दाणा ठेवला तरी आकडा हलेल. तैवानात आणि डेन्मार्कमध्ये संशोधकांनी डीव्हीडीच्या पिकअपचा उपयोग करून अणुबल सूक्ष्मदर्शक चालवले आहेत, जे पृष्ठभागावरचे नॅनोमीटरचे उंचसखल दाखवतात. तेच सामान आपल्या माळ्यावर धूळ खाते.

आणि आता मी ज्या कारणासाठी घाट चढून आलो, त्या विषयाकडे वळतो. तो विषय पाण्याचा.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी प्रवरेच्या काठाने खाली उसाच्या मळ्यांपर्यंत जाते. पाऊस आपल्याकडे इतका, की घाटघरचा आकडा ऐकून परमुलखातला माणूस चकित होतो. पण पाऊस पुष्कळ म्हणजे प्यावयाचे पाणी चांगले, असे नाही. आषाढ लागला की लाल माती ओढ्यांना येते, विहिरीत उतरते, आणि नळाला जे येते ते चहासारखे दिसते. मग जुलाब, मग कावीळ. कोणत्या डोंगरी गावाला याचा अनुभव नाही? बाया माणसे फडके चौपदरी करून पाणी गाळतात, तुरटी फिरवतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो आणि क्लोरीन उरले की नाही हे ओटी चाचणीने पाहतो. हे सारे योग्यच. पण ध्यानात घ्या, की गढूळ पाण्यात ही पावडर आपले काम नीट करू शकत नाही. मातीचे आणि पालापाचोळ्याचे कण क्लोरीन खाऊन टाकतात, आणि रोगजंतू त्या कणांच्या आडोशाला सुखरूप राहतात. म्हणून पावडर टाकण्यापूर्वी पाणी किती गढूळ आहे हे कळले पाहिजे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची इष्ट मर्यादा एक एकक आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर पाचापर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. एक आणि पाच यांतला फरक आपल्या डोळ्यांना पेल्यात दिसत नाही. पेल्यात दिसू लागते तोवर मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

येथे आपला दुसरा डोळा उपयोगी येतो. नळकामातली काळी किंवा आतून काळी केलेली एक टी घ्या. तिच्या मधोमध वरून औषधाची स्वच्छ काचेची बाटली उतरेल एवढे भोक पाडा. एका तोंडाला रात्रीच्या कॅमेऱ्यात असतो तसा अवरक्त दिवा, साधारण ८५० नॅनोमीटरचा. समोरचे तोंड काळ्या कापडाने बुजवा, म्हणजे सरळ गेलेला प्रकाश तेथेच मरेल. काटकोनातल्या तोंडाला डोळा. पाणी निर्मळ असेल तर काटकोनात प्रकाश वळणारच नाही. कण असतील तर त्यांच्यावरून उडून डोळ्याकडे येईल. उन्हाचा कवडसा खोलीत आला म्हणजे धूळ चमकते, तेच तत्त्व. आंतरराष्ट्रीय मानकातही काटकोन आणि ८६० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाशच सांगितलेला आहे, कारण पाण्याचा रंग त्याच्या फारसा आड येत नाही. दिवा लावून एक आकडा घ्या, विझवून दुसरा घ्या, आणि वजाबाकी करा. माझ्या घरघरीचा हा धडा आहे. बाहेरचा उजेड वजाबाकीत निघून जातो.

मी काही लपवून ठेवणार नाही. चार घरांचा डोळा या कामाला उपयोगी नाही; तो टोकदार आहे पण फार लहान आहे, आणि उडालेला प्रकाश अंधुक असतो. येथे पाळत ठेवणारा मोठा डोळा वापरावा. त्यानेही भागले नाही तर साडेसात चौरस मिलिमीटरचा नवा विकत घ्यावा आणि लाजू नये. आकड्यांची पायरी लावण्यासाठी घरी एक बादली पाण्यात दुधाचा एक थेंब, दोन थेंब, चार थेंब असे करून पाहता येते. राजूरच्या पेढ्याचे नाव ज्या दुधामुळे झाले त्याचे चार थेंब विज्ञानाला दिले तर पेढा काही लहान होणार नाही. मात्र दुधाचा थेंब म्हणजे मानक नव्हे; म्हशीचे निराळे, गाईचे निराळे. खरी पायरी लावण्यासाठी पाण्याचे तेच नमुने पाणी तपासणी प्रयोगशाळेत पाठवून तेथले आकडे आपल्या आकड्यांशेजारी लिहावे लागतील.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हा डोळा गढूळपणा पाहतो, रोगजंतू पाहत नाही. काविळीचा विषाणू आरशासारख्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही असू शकतो. यंत्राने आकडा कमी दाखवला म्हणून पाणी उकळावयाचे कोणी सोडले, तर माझ्या या व्याख्यानाने पुण्याऐवजी पाप पदरी पडेल. आकडा वाढला तर पाणी नक्की वाईट. आकडा कमी असला तर पाणी चांगले असेलच असे नाही. पावडर, ओटी चाचणी आणि जंतूंची तपासणी चालूच राहिली पाहिजे. हे यंत्र त्यांच्या दाराशी उभा असलेला राखणदार आहे. घरचा धनी ते होऊ शकत नाही.

मग त्याने साधते काय? साधते ते असे. शाळेतली दोन मुले रोज सकाळी नळाचे आणि विहिरीचे पाणी बाटलीत घेतील, आकडा पाहतील, वहीत तारीख घालून लिहितील. पहिल्या पावसाच्या आधीपासून दिवाळीपर्यंत. पाणी गढूळ आहे असे तोंडाने म्हटले की वाद होतो. एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो दरवर्षीच असते, तिसरा म्हणतो तुमच्या आळीतच का येते. वही पुढे ठेवली की वाद मिटत नाही कदाचित, पण तो मुद्द्यावर येतो. कोणत्या दिवशी आकडा चढला, त्याच्या आदल्या दिवशी किती पाऊस झाला, गाळणी केव्हा धुतली, जलवाहिनी कोठे फुटली होती, हे ग्रामसभेत विचारता येते. उत्तर देणाऱ्यालाही मग आकड्यातच द्यावे लागते. आपल्या अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घराघरात उरलेले मूठ मूठ गावरान बी गोळा केले, जपले, आणि देशाने २०२० साली पद्मश्री देऊन त्यांना वंदन केले. दुसरे ज्याला जुने म्हणून टाकीत होते त्यात त्यांना जीव दिसला. पाहण्याची ही दृष्टी या मातीत आहे. ती मी बाहेरून आणलेली नाही.

आता एक व्यावहारिक अडचण. शाळेच्या कपाटातील जुना संगणक म्हणजे जडवस्तु-संग्रह नोंदवहीतला एक क्रमांक. त्याचे निर्लेखन झाल्याखेरीज त्याला स्क्रू-पिळणी लावता येत नाही, आणि निर्लेखनाचा कागद संगणकापेक्षा सावकाश चालतो. हे नियम चुकीचे आहेत असे मी म्हणत नाही. पण मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने एकदा मनावर घेऊन तो कागद हलवावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. घरोघरच्या बंद पडलेल्या यंत्रांना तर कोणाची परवानगी लागत नाही. डोळे काढून घेतल्यावर उरलेले हिरवे पत्रे, तारा आणि बॅटऱ्या उकिरड्यावर जाळू नका. तांब्याच्या चार तारांसाठी तो धूर आपण आपल्याच मुलांच्या छातीत भरतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; असा कचरा नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडेच गेला पाहिजे. गावाने तो एका जागी गोळा करून ठेवला तर वर्षातून एकदा पाठवणे कठीण नाही.

माझे बोलणे संपत आले. जाताना ही तीन सुटी केलेली पिकअप, दोन वर्धक आणि ही नळाची टी मी येथेच ठेवून जात आहे. लेसर काढून घेतलेले आहेत, निर्धास्त असा. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी ती घेऊन जावी. त्याबरोबर शंभर पानांची एक कोरी वहीही आहे. यंत्रे बिघडली तर मला पत्र टाका, मी येईन. वही मात्र कोरी राहिली, तर पुढच्या वसंतात मला बोलावू नका.